उपकरण सापडले नाही

सकाळपासून हेच वाक्य.
करडी चौकट, खाली एकच बटण: ठीक.
ठीक म्हणण्यावाचून दुसरी सोयच ठेवलेली नाही.

बाहेर सामुद्रधुनी गोठलेली, बोट बंद,
म्हणजे टाल्लिनहून नवी केबल येईल ती सोमवारनंतर.
बेटावरच्या या संग्रहालयात आम्ही दोघं,
मी आणि उर्वे,
मधे टेबलावर विणलेले हातमोजे,
एकूण चारशे सहा जोड्या.
आजवर फोटो झाले एकोणतीस.

कॅमेरा दांडीला उलटा टांगलाय.
त्याच्या कुशीतून निघालेली नारिंगी केबल
संगणकापर्यंत जाते, वासराच्या दाव्यासारखी.
मी कळ दाबतो, वर खट्ट वाजतं,
चित्र पडद्यावर यायला हवं.
येतं. पुन्हा येतं.
सातवं येत नाही.

करायचं ते सगळं केलं.
केबल काढली, फुंकली, घातली.
फुंकू नये असं पुस्तिकेत लिहिलंय. फुंकली.
पुढचं पोर्ट सोडून मागचं धरलं,
मधला हब काढून कपाटावर भिरकावला.
कॅमेऱ्याच्या मेनूत शिरून त्याची झोप बंद केली,
मग संगणकाची.
माझी कालच गेली होती.
बॅटरी बदलली. सगळं बंद करून सुरू केलं.
पहिले पाढे पंचावन्न.

दुपारी कळलं,
संगणकात दुसराच एक प्रोग्रॅम जागा आहे,
सहलीचे फोटो गोळा करणारा.
कुणी बोलावलं नसताना
कॅमेरा जोडला रे जोडला की दारात हा उभा,
पाहुण्याचा हात धरतो तो सोडतच नाही,
आणि माझा प्रोग्रॅम मागून टाचा उंचावून सांगतो,
सापडले नाही.
त्याला मुळापासून उपटला.
सात झाले. आठ. तेरा.
चौदाव्याला पुन्हा करडी चौकट.

मग मी जे बोललो
ते उर्वेने ऐकलं नाही असं दाखवलं.
एकाहत्तर वर्षांची आहे ती, टाके मोजण्यात हयात गेली.
म्हणाली, "तू कळ दाबतोस तेव्हा नाही तुटत.
मी डावीकडून येते ना, तेव्हा तुटतं.
चारदा झालं. मोजलंय मी."

ती टेबलाच्या कडेवर हात टेकते.
टेबल हलतं सूतभर,
सूतभर केबल ताणते,
आणि वर त्या इवल्याशा भोकात
पिन सूतभर बाहेर येते.
दोन दिवस मी सॉफ्टवेअरला शिव्या घालत होतो.

उर्वेने खिशातून लाल लोकर काढली.
बाहेरची लोकर इथे आणायला बंदी आहे,
कसर लागते. नियम तिच्याच अक्षरात दाराला चिकटवलाय.
दांडीला तिने केबलचा सैलसा वेटोळा बांधला,
गाठ ओढून पाहिली, दातांनी दोरा तोडला.
"ताण गाठीवर येऊ दे, टोकावर नको," म्हणाली.
"अंगठा विणताना नाही का?"
मला अंगठा कसा विणतात ठाऊक नाही. मान हलवली.

संध्याकाळपर्यंत एकसष्ट.
करडी चौकट नाही. गाठीमुळे की उपटलेल्यामुळे,
खरं सांगायचं तर मी तपासायला गेलो नाही.
चालत्या गोष्टीला कोण हात लावतं?

बासष्टावी जोडी म्हणजे एकच मोजा. डावा.
काळ्यावर पिवळी नक्षी, तळव्याशी रफू.
मी म्हटलं, मधोमध ठेव.
तिने डावीकडेच ठेवला,
उजवीकडे एका हाताएवढी जागा सोडून,
आणि त्या जागेवरचा धागा
चिमट्याने उचलला.

मी काही विचारलं नाही. कळ दाबली.
पडद्यावर चित्र आलं, अर्धं रिकामं.
दाबायला या वेळी बटण नव्हतं.